मानेखालचा ठोकळा

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. लांबी जेमतेम वीतभर, आणि मधोमध मान बसेल एवढा खोलगट. मित्रांनो, तुमच्या उशीवरचे डोके रात्रभरात दहा वेळा कूस बदलते. माझ्यावर टेकलेले डोके कधीच कूस बदलत नाही. घाबरलात? मीही घाबरलो होतो, आणि खरे सांगायचे तर अजून घाबरतो.

सुताराने एकाच खोडातून दोन वस्तू केल्या. मोठ्या भागाचा पाळणा झाला, उरल्यासुरल्या तुकड्याचा मी. खोलगटपणा नीट साधला का, हे पाहायला सुतार स्वतःच माझ्यावर मान टेकून आडवा झाला आणि झोप लागेल की, म्हणाला. मला न्यायला आलेल्या माणसाने माझे काम सांगितले, तेव्हा स्वारी विंचू चावल्यासारखी उठली.

माझे घर म्हणजे इस्पितळाच्या मागच्या अंगाची शवविच्छेदनाची खोली. ओली फरशी, उंच खिडक्या, मधोमध धातूचे टेबल. पहिल्याच दिवशी करवतीचा आवाज ऐकून माझी गाळण उडाली. लाकडाच्या जातीला करवत म्हणजे काळच. ती माझ्यासाठी नव्हती, हे कळूनही थरथर गेली नाही, कारण कवटीवर चालणारी करवत खालच्या ठोकळ्याला सगळी जाणवते.

हळूहळू कामाची रीत कळली. आधी पोलिसांचा पंचनामा आणि लेखी हुकूम. त्यावाचून कोणी चाकूला हात लावत नाही. मग कपडे पाहायचे, अंगावरची एकेक खूण मोजायची, पालथे करून पाठ पाहायची. छाती आणि पोट उघडताना मी खांद्यांखाली, डोके उघडताना मानेखाली. शेवटी सारे जागच्या जागी ठेवून टाके घालायचे आणि अंग धुवायचे. आजाराने गेलेल्याचे शरीर डॉक्टरांना केवळ शिकण्यासाठी उघडायचे असेल, तर घरच्यांना नको म्हणता येते. पण मृत्यूबद्दल संशय असला, की आमच्याकडचा कायदा घरच्यांना विचारत नाही, आणि डोके, छाती, पोट ही तिन्ही पाहावीच लागतात. हा नियम मला फार निष्ठुर वाटायचा.

एका सकाळी एका रंगाऱ्याला आणले. त्याच्या नखांत अजून पांढरा रंग होता आणि डोक्याला मागून मोठी जखम होती. धाकटा भाऊ त्याच्याच हाताखाली काम करायचा. दोघांचे कडाक्याचे भांडण शेजाऱ्यांनी ऐकले होते, आणि मोठा पडला होता तिथेच एक लोखंडी कांब सापडली होती. धाकटा एकच सांगत होता, की रागाच्या भरात मी शिडी धरायची सोडून निघून गेलो आणि दादा वरून पडला. त्याच्यावर कोणाचाच विश्वास बसला नव्हता, सख्ख्या आईचासुद्धा. तो अंगणात बेड्या घालून उभा होता आणि आई त्याच्याकडे पाठ करून बसली होती.

खोलीतल्या मदतनिसाने, ज्याला सगळे मामा म्हणत, मला रंगाऱ्याच्या मानेखाली सरकवले. डॉक्टरबाईंनी करवत उचलली, तेवढ्यात आई दारात आली.

"बाई, माझ्या लेकराच्या डोक्याला हात नका लावू," ती म्हणाली. "जखम दिसतेय, मारणारा पण दिसतोय. आता आणखी काय बघायचं राहिलंय?"

पंचनामा घेऊन आलेल्या पोलीस जमादाराचेही तेच मत पडले. डॉक्टरबाईंनी करवत खाली ठेवली. मित्रांनो, मला दोन्ही बाजूंनी धास्ती वाटली. बाईंनी दयेपोटी डोके तसेच ठेवले तर? आणि उघडल्यावर धाकट्याचाच हात निघाला तर? मलाही तो खोटाच वाटत होता. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्हींच्या काठावर ही एक बाई उभी.

डॉक्टरबाई दाराशी गेल्या. "आई, मी तुमचं ऐकलं असतं," त्या म्हणाल्या. "पण हे ना माझ्या हातात आहे ना तुमच्या. आपल्याला सगळं दिसलंय असं वाटतं ना, कायदा त्याच वेळेसाठी केलाय. टाके केसांच्या आत घालीन. कपाळाला खूण दिसणार नाही."

करवत चालली. मी थरथरलो. मग ती थांबली, आणि बाई मेंदू हातात घेऊन पुढून-मागून निरखू लागल्या. अखेर बाईंनी जमादाराला आत बोलावले.

"उभ्या माणसाच्या डोक्यात कांब घातली, तर मेंदू बहुतेक घावाखालीच दुखावतो," त्या म्हणाल्या. "डोकं जोरात जमिनीवर आपटलं, तर तो समोरच्या बाजूला जास्त दुखावतो. इथे जखम मागे आहे आणि मेंदूला मार कपाळाच्या बाजूला. हे मारल्याचं नाही, पडल्याचं आहे."

ढकलले असेल तर, असे जमादाराने विचारले. ते शरीर सांगत नाही, शिडी सांगेल, असे बाई म्हणाल्या. शिडीकडे तोवर कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते. दुपारी निरोप आला: शिडीचा पाय सांडलेल्या रंगावरून हातभर घसरल्याचा ओरखडा फरशीवर होता. जमादाराने धाकट्याच्या बेड्या काढल्या.

टाके घालून, अंग धुऊन झाल्यावर आई आत आली. तिने मोठ्याच्या कपाळावरून हात फिरवला. कपाळ होते तसेच होते. मग पहिल्यांदाच तिने धाकट्याकडे पाहिले. तो उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायला धजत नव्हता. उचलायची वेळ आली.

"ये. दादाचं डोकं धर," ती म्हणाली. "आता सोडू नकोस."

त्याने दोन्ही हातांनी ते माझ्यावरून उचलले. गाडीत ठेवेपर्यंत त्याने ते सोडले नाही.

आता त्या खोलीत रबरी ठोकळे आले आहेत. लाकूड पाणी पिते, नीट स्वच्छ होत नाही, तेव्हा मला काढले ते बरोबरच झाले. मला मोठी चीर गेली आहे आणि वाऱ्याने दार आपटू नये म्हणून मी दाराशी पडून असतो. आत कोणी "राहू द्या, नका बघू" म्हणाले, की अजूनही माझा जीव घाबरा होतो.

मित्रांनो, माझी फार मोठी मागणी नाही. घरातले कोणी शिडीवर चढले असेल, तर खाली उभे राहा आणि शिडी धरून ठेवा. भांडण ते खाली उतरल्यावर करा.