आकड्यापुढची लाट

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि एक रस्ता समोर आणा. वर डांबर, खाली माती, आणि मातीच्या पोटात मनगटाएवढी जाड विजेची केबल. वरून ती दिसत नाही. आता सांगा, खणायचं असेल तर बेधडक कुठवर खणाल?

मुंगीचे बाबा हेच सांगायचं काम करत. एक यंत्र रस्त्यावरून फिरवायचं आणि केबल किती खोल आहे ते कागदावर मांडायचं. यंत्राचा काटा ठाम थांबला, तर नुसता आकडा. काटा डुलत राहिला, तर आकड्यापुढे छोटीशी नागमोडी रेघ. तिला ते आणि खणणारे सगळे 'लाट' म्हणत. लाट म्हणजे, मला नक्की ठाऊक नाही. जिथे लाट, तिथे खणायचं मशीन लावायचं नाही. फावड्यानं हळूहळू उकरायचं.

दहा वर्षांच्या मुंगीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. बाबांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून त्यांनी तो कागद डाव्या हातानं लिहिला होता. अक्षर असं की कोंबडी नाचून गेली असावी.

"मुंगे, एवढं तुझ्या मोत्यासारख्या अक्षरात उतरव. मी हात दाखवून येतो."

बाबा डॉक्टरकडून परतायच्या आत मामा आला. रस्ता फोडायचं मशीन तोच चालवायचा.

"वा, मास्तरीणबाई! तुझ्या बापाला हे जन्मात जमलं नसतं," म्हणत त्यानं कागद खिशात घातला. मुंगी दिवसभर हवेत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा प्लास्टरला पिशवी गुंडाळून अंघोळीला निघाले.

"आज तिसऱ्या खांबापाशी मामाची कंबर मोडणार!"

"का?"

"तिथे लाट आहे ना. लिहिलंय चाळीस सेंटीमीटर, पण केबल वीसवरसुद्धा असेल. फावड्यानंच उकरायला हवं."

"कसली लाट?"

"अगं, काल तूच तर उतरवलीस!" बाबा हसले. दार लागलं, नळ सुरू झाला.

 त्या रेघा! मुंगीला वाटलं होतं, बाबांचा डावा हात थरथरला. कागद छान दिसावा म्हणून तिनं तिन्ही गाळल्या होत्या.

सांगितलं तर बाबा पुन्हा कधी कागद हातात देणार नाहीत. ती तशीच उभी राहिली. तेवढ्यात रस्त्यावरून धडधड ऐकू आली.

"बाबा! बाबा!" तिनं दार बडवलं. आत नुसतं पाणी वाजत होतं.

बाबांचा रस्त्यावर खुणा करायचा निळा खडू फळीवर होता. तो उचलून ती अनवाणी पळत सुटली.

तिसऱ्या खांबापाशी डांबर फुटलं होतं आणि मशीनचं टोक मातीत उतरत होतं. मामाच्या कानांवर जाड झाकणं, नजर खाली, पाठ तिच्याकडे. ती ओरडली, तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. मशीन चालवणाऱ्याला मागून हात लावायचा नाही, हे मात्र तिला ठाऊक होतं.

ती वळसा घालून समोर गेली. गुडघे टेकले. मशीनच्या टोकापासून हातभर अंतरावर, मामाच्या नजरेसमोर, तिनं डांबरावर एक मोठी निळी लाट काढली. मग तिच्याखाली दुसरी. मग तिसरी. आणि धडधड थांबेपर्यंत ती लाटा काढतच राहिली.