लिंबोणीला पाणी नको

पाऊस असा कोसळला की सासऱ्यांनी लावलेली लिंबोणी वाफ्यात घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. सासरे जाऊन वर्षही झालं नव्हतं. सासूबाई रोज तिच्याशी बोलत, माझ्याशी बोलत त्याहून जास्त. झाड गेलं तर त्यांचं काय होणार होतं?

ओली माती तुडवली की मुळं गुदमरतात, म्हणून मी फळी टाकून तिच्यावर बसले. वाफ्याच्या कडेच्या विटा काढल्या, गटारापर्यंत चर खणला, बुंध्याजवळचा गाळ हातानं उपसला.

"आयसीयू उघडलंस की काय?" नवरा म्हणाला.

"शहाणपणा पुरे. घमेलं उचल."

पाणी ओसरलं, पाऊसही थांबला. पण पानांनी माना टाकल्या त्या टाकल्याच. रोज सकाळी बोट खुपसावं तर आत चिखल! तूच पाणी घालतोस म्हणून मी नवऱ्यावर डाफरले, तो शपथा घेऊ लागला. पानं पिवळी पडून गळू लागली. मातीला कुजका वास यायला लागला.

शेवटी एकदा उजाडताच मी मागच्या दाराआड उभी राहिले. सासूबाई आल्या. हातात पाण्यानं भरलेला जग.

"आई, थांबा!"

त्या दचकल्या. "अगं, बघ कशी सुकलीय. तहान लागलीय तिला."

"पाण्यानंच सुकलीय! मुळं कुजतायत. आणखी ओतलंत तर मरेल ती!" माझा आवाज चढला होता.

त्यांनी जग छातीशी धरला. "डॉक्टरही हेच म्हणाले होते. अंगावर सूज आहे, पाणी देऊ नका. हे मागत राहिले गं. घोटभर मागत होते. मी नाही दिलं. तरी गेलेच ना?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. पण जग अजून त्यांच्याच हातात होता, आणि तो वाफ्याकडे कलत होता.

मी त्यांचा मोकळा हात धरून मातीत खुपसला. "बघा ना, आई. तहान नाहीये हिला."

चिखलानं माखलेली बोटं त्यांनी नाकाशी नेली. मग जगातलं पाणी चरात ओतलं आणि ते गटाराकडे जाईपर्यंत बघत राहिल्या.

रिकामा जग त्यांनी माझ्या हातात दिला.

"वरच्या फळीवर ठेव. आणि मी कितीही मागितला तरी देऊ नकोस."