खाली, चिमे, खाली!

"बाबा, उद्या सकाळी भंगारवाला येतोय. गच्चीवरची ती कढई तेवढी मोकळी करून ठेवा," सूनबाई म्हणाली. कढई म्हणजे माझी टीव्हीची जुनी जाळीची डिश. मी मान हलवली. बोलण्यापेक्षा मला ते बरं जमतं.

दोन दिवस राहायला आलेल्या माझ्या धाकट्या बहिणीने मात्र लगेच विचारलं, "दादा, आपला अजून आहे का रे वर?"

आपला म्हणजे आमचा उपग्रह. तरुणपणी आम्ही तो पहिल्यांदा पकडला तेव्हा त्याचं नाव सेरिन-दोन होतं. ती गच्चीवर डिश हलवायची आणि मी टीव्हीपुढून खिडकीकडे तोंड करून ओरडायचो, "चिमे, डावीकडे! जरा वर!" बहीण गच्चीवर गेली की याला कंठ फुटतो, असं आई म्हणायची. त्या उपग्रहावर एक बाई परक्या भाषेत हवामान सांगायची. चिमी उलथनं नाचवत तिची नक्कल करायची आणि त्यावरून आमच्या घरी कपडे बाहेर वाळत घालायचे की नाही ते ठरायचं. बहुतेक वेळा कपडे भिजायचे.

पुढे ती कंपनी विकली गेली आणि सेरिन-दोनचा ओडाना-पाच झाला. मग त्याच्या जागी नवा उपग्रह आला. जुन्याला सरकवत पार पूर्वेला नेलं आणि तिथे त्याला तिसरंच नाव मिळालं. हे सगळं मी संगणकावरच्या याद्यांत वाचत आलो. उपग्रह नावावरून शोधू नये, आकाशातल्या त्याच्या जागेवरून शोधावा. पण जागाही बदलली तर? वाचून मिळवलेली माझी खात्री फार वेळ टिकत नाही. उद्या डिश जाणार, आणि आज मी चिमीला भलताच कुणीतरी 'आपला' म्हणून दाखवला तर?

हे मी तिला चाचरत सांगितलं.

"त्यात काय एवढं? माझं नाव बदललं, गाव बदललं, आता गुडघेही बदलले. तरी ओळखतोसच की मला!" असं म्हणून ती जिना चढायलाही लागली.

"आत्या, अहो पडाल!" सूनबाई ओरडली.

"नवेकोरे आहेत गं, वापरू दे जरा!"

यादीतली जागा मी तिला दाखवली होती, समोरच्या इमारतीच्या लिफ्टच्या खोलीच्या किंचित वर. ती वर डिश सरकवत होती आणि मी टीव्हीपुढून फोनवर हळूच 'अजून नाही' म्हणत होतो. बराच वेळ पडद्यावर नुसता काळोख होता. मग एकदम रंगीत पट्टे उभे राहिले. कार्यक्रम नाही, हवामानाची बाई नाही, नुसते पट्टे.

चिमी धापा टाकत खाली आली. "हाच का रे?"

"असावा."

"असावा काय, असावा! जन्मभर तुझं असावाच."

आम्ही पट्ट्यांसमोर बसून चहा प्यायलो. ती तिच्या घरच्या गोष्टी सांगत होती. तिथे ती आधी वहिनी होती, मग काकू झाली, आता सगळ्यांचीच आजी. आमचे आईवडील गेल्यावर तिला चिमी म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. मीही समोरासमोर नुसतं 'अगं' म्हणतो.

बोलता बोलता पट्ट्यांवर ठिपके आले. सिग्नलची रेघ आखडत गेली आणि चित्र तुटायला लागलं. माझा चेहरा पडला. चुकलोच, म्हटलं. डिश नीट घट्ट केली होती, वाराही नव्हता.

आणि मग वाचलेलं आठवलं. म्हाताऱ्या उपग्रहाचं इंधन संपत आलं की कंपनी त्याला एका जागी धरून ठेवणं सोडून देते. मग तो रोज हळूहळू वर जातो, हळूहळू खाली येतो. याद्यांप्रमाणे आकाशाच्या त्या भागातले बाकी सगळे स्थिर होते. हलत होता तो एकटा आमचा, आणि या वेळेला तो उतरणीवर असायचा.

"तोच आहे!" मी म्हणालो. "खाली उतरतोय तो!"

"मग बसलायस काय?" चिमी पुन्हा गच्चीवर गेली. मी खिडकी सताड उघडली.

"खाली, चिमे, खाली! अजून जरा!"

समोरच्या खिडकीत कुणीतरी डोकावलं. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन माझ्याकडे बघत राहिली. तिने माझा हा आवाज कधी ऐकलाच नव्हता. पडद्यावर पट्टे पुन्हा स्वच्छ उभे राहिले.

"काय म्हणालास?" वरून आवाज आला. "ऐकू नाही आलं!"

तिला नीट ऐकू आलं होतं. डिश बरोबर हवी तेवढी खाली आली होती.

मी छाती भरून श्वास घेतला आणि पुन्हा हाक मारली, "चिमे!"