भांडणाचा पुरावा

व्हिसा नाकारल्याचं पत्र सासऱ्यांनी बैठकीच्या खोलीत उभं राहून वाचलं, कारण सरकारी कागद बसून वाचणं हा त्यांच्या मते कागदाचा अपमान होता. सारा जन्म हेडक्लार्कीत काढलेल्या माणसाला कागदाचा अपमान चटकन कळतो. माणसांचा जरा उशिरा कळतो, आणि सुनेचा कळायला अजून सुरुवात व्हायची होती.

"मूर्ख आहे हा मनुष्य," चष्मा काढत ते म्हणाले.

मूर्ख म्हणजे तिकडचा व्हिसा अधिकारी. त्यानं लिहिलं होतं की अर्जदार पत्नी आणि तिचा परदेशातला पती यांच्यातले जे संदेश पुरावा म्हणून जोडले आहेत, ते वाचून हे दोघं एकमेकांच्या आयुष्यात खरोखर आहेत असं वाटत नाही. सबब पतीकडे राहायला जाण्याचा अर्ज नामंजूर.

"लग्नाचा दाखला आहे, फोटो आहेत. आणि ह्याला वाटत नाही! ह्याला काय वाटण्याचा पगार मिळतो?"

"त्याचंच लग्न झालं नसेल मेल्याचं," सासूबाई आतून म्हणाल्या.

सुनेनं त्यांच्या हातातून पत्र घेऊन स्वतः वाचलं. ती एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर पाय दाबायचं तिचं काम, म्हणून शिकायला येणारे तिला ब्रेकबाई म्हणत. डॉक्टर, प्रोफेसर, दुकानदार, सगळ्यांना तिनं चौकात घाम पुसताना पाहिलं होतं, त्यामुळे माणसाच्या हुद्द्याबद्दल तिच्या मनात काडीचा आदर उरला नव्हता. जिभेला हाड तर आधीपासूनच नव्हतं. नवरा लग्नानंतर वर्षभरात परदेशी गेला, मोठमोठ्या गोदामांतले प्रचंड फ्रीज दुरुस्त करायच्या नोकरीवर. त्यालाही तीन वर्षं होत आली होती. तिकडे जाऊन त्याच्या शेजारी बसायचं, एवढीच तिची इच्छा होती, आणि तेवढ्यासाठी आता सगळ्या जगाचा सल्ला ऐकायची वेळ आली होती.

दोन दिवसांनी सासरे आणि सून धरून तिघं व्हिसा सल्लागाराकडे गेले. तिसरे म्हणजे नणंदेचे यजमान. घरात त्यांना जावईबापू म्हणत. जावईबापू पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत आणि उंटावरून शेळ्या हाकत. कुणाच्या घरात काही बिघडलं की ते न बोलावता हजर होत आणि बिघाड वाढवून निघून जात.

सल्लागाराच्या टेबलावर देशोदेशीचे चिमुकले झेंडे आणि एक प्लास्टिकचं झाड होतं. लोकांना जगभर पाठवणारा हा गृहस्थ स्वतः कुठेच गेलेला नव्हता, पण बोलायचा असा की सातही समुद्र त्याच्या खिशात. त्यानं फाईल उघडली. खुणेच्या रंगीत पट्ट्या, अनुक्रमणिका, पानांवर आकडे, सगळं सासऱ्यांच्या हातचं आणि डोळे दिपतील इतकं नीटनेटकं.

"फाईल सुंदर आहे," तो म्हणाला. सासऱ्यांची मान ताठ झाली. मग त्यानं संदेशांची पानं काढून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "'जेवण झालं का?' 'हो.' 'तब्येत बरी ना?' 'हो.' 'इकडे सर्व ठीक.' 'बरं.'" त्यानं पानं उलटली. "पुढेही हेच आहे. मॅडम, राग मानू नका, पण माझ्याकडे खोटी लग्नं लावलेले लोक येतात ना, तेसुद्धा याच्यापेक्षा बरं काहीतरी लिहून आणतात."

"हे एवढंच नाहीये," ती म्हणाली. "आम्ही पानंच्या पानं बोलायचो. भांडायचो. बाकीचं कुठे गेलं?"

सासरे झेंडे पाहण्यात गढून गेले होते.

"बाबा?"

"निवड केली मी," ते म्हणाले. "फाईल तयार करायची म्हणजे निवड आलीच. सुनेनं नवऱ्याला अरे-तुरे केलेलं, मद्दड म्हटलेलं, असले कागद सरकारदरबारी द्यायचे? लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? तो एक अधिकारी वाचणार होता!"

"तो काय लोकांत नाही?"

"आणि तुमच्याकडे आलं कसं हे सगळं?"

"चिरंजीवांनीच पाठवलं. पहिल्यापासून सगळं. म्हणाला, बाबा, तुम्हीच बघून घ्या."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा-बायकोत बोललेलं, रडून बोललेलं, लाजून बोललेलं सगळं त्या गाढवानं उचलून बापाला दिलं होतं. तेही तिला एका शब्दानं न विचारता. आणि या वडीलमाणसानं ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, वर त्याला पट्ट्या लावल्या. रोज सकाळी तिच्या हातचा चहा घेताना हा माणूस हे सगळं मनात घेऊन बसत होता.

"माझ्याविषयीचंही वाचलं," सासरे खालच्या आवाजात म्हणाले. "टाचणी."

सल्लागाराला खोकला आला. सासऱ्यांना ती नवऱ्याजवळ टाचणी म्हणायची हे खरं होतं. त्यांच्या खिशात कायम टाचण्या असत आणि बोलणंही तसंच. एरवी तिनं जीभ चावली असती. आज तिला वाटलं, वाचलंत ते बरंच झालं.

सल्लागारानं मग मार्ग सांगितले. एक, जोडीदार म्हणूनच पुन्हा अर्ज करायचा, पण या वेळी खरा पुरावा जोडून. दोन, विद्यार्थी म्हणून जायचं; आदरातिथ्याच्या एका वर्षाच्या डिप्लोमाला प्रवेश तो मिळवून देईल. पहिला नकार तिथेही दाखवावा लागेल, पण संसार खरा की खोटा याची चौकशी त्यात मुख्य नाही.

"तिसरा मार्ग राहिला की," जावईबापू खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "टुरिस्ट म्हणून जायचं. एकदा पोचलं की कोण हाकलतंय? माझ्या ओळखीतल्या एकाचा मेव्हणा तसाच गेला."

"आता कुठे आहे तो?" तिनं विचारलं.

"परत आला," जावईबापू म्हणाले. "पण ते वेगळं कारण होतं."

सासऱ्यांना विद्यार्थी पसंत पडला. विद्यार्थी या शब्दाला वजन होतं, आणि मुख्य म्हणजे त्या अर्जात त्यांनी काढलेली पानं कुणी परत मागणार नव्हतं. आपली फाईल चुकली हे कबूल करण्यापेक्षा सुनेला या वयात वर्गात बसवणं त्यांना सोपं वाटत होतं.

"म्हणजे पाहुण्यांना पाणी कसं द्यायचं हे शिकायला मी समुद्र ओलांडून जाऊ?" ती म्हणाली. "माझा नवरा तिथे आहे म्हणून मला जायचंय. तसंच लिहायचं. पुन्हा अर्ज करायचा आणि सगळी भांडणं जोडायची. अरे-तुरेसकट, टाचणीसकट."

"जोडा," सल्लागार म्हणाला. "भांडणाइतका चांगला पुरावा नाही. फक्त ताजा हवा. गेल्या वर्षभरातला."

घरी आल्यावर तिनं काढलेली पानं मागितली. सासऱ्यांनी ती फाडली नव्हती. कागद फाडणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. एका जाड पाकिटात ती तारखेवार लावलेली होती आणि पाकिटावर सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'अनावश्यक'. आपल्या संसाराला हा शेरा मिळालेला पाहून तिला हसावं की ते पाकीट त्यांच्या डोक्यात घालावं ते कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळचा शिकाऊ म्हणजे बँकेतला एक मोठा अधिकारी होता. त्याला गाडी मागे घेता येत नसे, आणि त्याबद्दल तो आरशाला दोष देत असे. त्याला एकदाचं घालवल्यावर तिनं मैदानाच्या कडेला गाडी उभी केली आणि पाकीट उघडलं.

पहिलंच भांडण गादीचं निघालं. नवऱ्यानं तिकडे रस्त्याच्या कडेला कुणीतरी टाकून दिलेली गादी उचलून आणली होती. 'कुणाच्या ढेकणांना दत्तक घेतलंस?' असं तिनं लिहिलं होतं. त्यानं उत्तर दिलं होतं, 'तुझ्या बोलण्यापेक्षा कमी चावतात.' ती गाडीत एकटीच मोठ्यानं हसली. पुढे नोकरीतल्या बढतीचं भांडण होतं. बढतीची बातमी त्यानं आधी आईला सांगितली, म्हणून तिनं चार दिवस अबोला धरला होता, आणि चौथ्या दिवशी त्यानं लिहिलं होतं, 'बोल ना गं. शिव्या दे, पण बोल. इथे दिवसभर फ्रीज सोडून माझ्याशी कुणी आवाजसुद्धा करत नाही.' हे तिनं दोनदा वाचलं. हे वाचूनही त्या अधिकाऱ्याला लग्न दिसलं नसतं तर तो खरोखर ठार आंधळा म्हणायचा.

गादीनंतर सायकल, सायकलीनंतर त्याच्या खोलीतला घोरणारा सोबती, मग तिच्या नोकरीवरून पेटलेलं एक महायुद्ध. वाचता वाचता पाकीट संपलं. शेवटच्या पानावरची तारीख दीड वर्षापूर्वीची होती.

सल्लागारानं ताजं मागितलं होतं. टाचणीनं उरलेली पानं कुठेतरी दुसऱ्या पाकिटात लावली असणार, असं म्हणत ती दुपारी घरी आली.

"बाबा, याच्यानंतरची पानं द्या."

"नाहीत," सासरे म्हणाले.

"नाहीत कशी? नंतरची कुठे ठेवलीत?"

"नंतरचं काही काढावंच लागलं नाही मला," ते म्हणाले. आवाजात लबाडी नव्हती, उलट थोडं कौतुकच होतं. "नंतरचं सगळं फाईलमध्ये आहे, जसंच्या तसं. तेव्हापासून तुम्ही दोघं शहाण्यासारखं बोलायला लागलात."

तिनं उभ्याउभ्याच फोन काढला आणि बोट वर सरकवत गेली. 'जेवण झालं का?' 'हो.' 'उद्या सुट्टी?' 'हो.' 'बरं.' मधे एकदा तिनंच विचारलेलं सापडलं, 'हल्ली तुला राग येत नाही का रे?' आणि त्याचं उत्तर, 'नाही गं.' तेव्हा तिला वाटलं होतं, माणूस सुधारला. ती स्वतःही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. तिचीही उत्तरं हो, बरं आणि ठीक यापलीकडे गेली नव्हती. घरात शांतता आहे अशा समजुतीत दीड वर्ष निघून गेलं होतं. सासरे, सासू, जावईबापू, ती स्वतः, सगळे त्या अधिकाऱ्याला शिव्या घालत होते, आणि तिचा संसार नीट वाचला होता तो फक्त त्यानं.

ती परत मैदानावर गेली आणि गाडीची काच वर करून नवऱ्याला फोन लावला. तिकडे त्याची जेवणाची सुट्टी होती.

"आपलं सगळं बोलणं तू बाबांना दिलंस. मला न विचारता."

"हं. चुकलंच माझं."

"चुकलं काय? लाज नाही वाटली? मद्दड आहेस तू. बापाच्या बोटाला धरून चालणारं कुक्कुलं बाळ आहेस."

"बरं."

ती थांबली. पूर्वीच्या त्यानं एवढ्यावर तिचं माहेर उद्धरलं असतं. तिनं पुन्हा जोर लावला.

"बाबा म्हणतात विद्यार्थी म्हणून जा."

"मग तसं कर."

"जावईबापू म्हणतात टुरिस्ट म्हणून जा."

"तेही चालेल."

"अरे, चालेल काय! पकडले गेले तर मला हाकलून देतील तिथून."

"हो, तेही खरंच."

"मी म्हणते पुन्हा अर्ज करू. आपली सगळी भांडणं जोडून."

"तुला बरं वाटेल ते कर."

तेवढ्यात त्याच्यामागे कुणीतरी त्याला हाक मारून काहीतरी म्हणालं. त्यानं फोनवर हातसुद्धा न ठेवता त्याला एक झणझणीत शिवी हासडली. पलीकडे चारपाच जण खदाखदा हसले, तोही हसला, आणि आणखी एक त्याहून तिखट शिवी त्यानं वर फेकली. मग तो फोनकडे वळला आणि पुन्हा त्याच गुळगुळीत, पाहुण्याशी बोलावं तशा आवाजात म्हणाला, "हं, बोल. ऐकतोय मी."

तिला त्या अनोळखी माणसाचा हेवा वाटला. त्याला मिळालेल्या शिवीचा वाटला. म्हणजे राग आटला नव्हता, जीभही बोथट झाली नव्हती. सगळं शाबूत होतं, फक्त तिच्या वाट्याचं संपलं होतं.

"आणि मी आलेच नाही तर?" तिनं विचारलं.

निदान आता तरी तो ओरडेल म्हणून ती कान लावून बसली.

"तू म्हणशील तसं," तो म्हणाला. "काळजी घे."

फोन ठेवून ती रडली. चांगली हुंदके देऊन रडली. मग पुढचा शिकाऊ यायची वेळ झाली म्हणून तोंड पुसून तिनं त्यालाही शिकवलं, आणि नेहमीपेक्षा जास्त झापलं.

संध्याकाळी सासऱ्यांनी नवी फाईल तयार ठेवली होती. वर 'विद्यार्थी' असं लिहिलेलं, जिथे जिथे सही हवी तिथे पेन्सिलीनं बारीक फुली मारलेली. जावईबापूही येऊन बसले होते, तिसऱ्या मार्गाची अजून आशा धरून.

"सही कर," पेन तिच्या हातात देत सासरे म्हणाले.

तिनं फाईल मिटून त्यांच्यासमोर ठेवली.

"हा नको? मग कुठला मार्ग ठरवलास? पुन्हा अर्ज?"

"कुठलाच नाही."

"अगं, असं एकटीनं ठरवून चालतं का?" सासऱ्यांचा आवाज चढला. "त्याला तरी विचारलंस?"

"विचारलं."

"मग काय म्हणाला तो?"

"म्हणाला, तू म्हणशील तसं." तिनं पेन सासऱ्यांच्या हातात परत दिलं. "मग मी म्हणते, नाही जायचं."