तुळसा खाली बसली तेव्हा

भागीरथी भोईरला नाटकाच्या वर्गात पहिल्याच रविवारी एक गोष्ट आवडली. तिथे सगळ्याला नाव होतं. ठाण्याला नौपाड्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये सीताराम कर्णिक हा वर्ग घ्यायचे. त्यांनी खडूने फरशीवर नऊ चौकोन आखले आणि सगळ्यांना त्यात उभं केलं. प्रेक्षकांजवळचा भाग डाउनस्टेज, पाठीमागचा अपस्टेज. उजवं-डावं धरायचं ते नटाचं, बघणाऱ्याचं नाही. कडेला आपल्या एन्ट्रीची वाट बघत उभं राहायचं ती विंग. समोरच्याच्या ज्या शब्दावर आपण तोंड उघडतो तो क्यू. कुणी कधी कुठून कुठे जायचं हे ठरवणं म्हणजे ब्लॉकिंग. बोलता बोलता हातांनी जे करायचं, म्हणजे भाकरी थापणं, दोरी वळणं, त्याला म्हणायचं बिझनेस.

हे १९८६ साल. भागीरथी बावीस वर्षांची, बाळकुम गावची, ठाण्यात एका वकिलाकडे टायपिस्ट. घरी आली की चुलीपाशी बसलेल्या आईला सांगायची, "आई, तू आता अपस्टेज लेफ्टला हायस."

"मी चुलीपाशी हाय," तुळसा म्हणायची. "तू पन ये. मासली साफ कर."

गणपती झाल्यावर कर्णिक सरांनी वर्गाला गोल बसवलं. "आज भावस्मृती," ते म्हणाले. "नट रडतो तेव्हा त्याला खोटं रडून चालत नाही. आपल्या आयुष्यातला एखादा क्षण त्याला आतून शोधून काढावा लागतो. तेव्हाचा वास, अंगावरचा कपडा, पायाखालची जमीन, सगळं. लाज किंवा भीती सगळ्यात जास्त कधी वाटली ते आठवा. इथे बोललेलं या चार भिंतींच्या बाहेर जाणार नाही. तो रंगभूमीचा नियम आहे."

भागीरथीची पाळी आली. तिने डोळे मिटले आणि जे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी माजिवड्याकडून येणाऱ्या रस्त्यासाठी मोजणीवाले पोलीस घेऊन त्यांच्या शेतात आले होते. भात पोटरीला आलेलं. बायका बांधावर उभ्या होत्या आणि सगळ्यांच्या पुढे तुळसा. भागीरथी पाण्याची कळशी घेऊन तिच्या मागे होती. एका पोलिसाने तुळसाच्या पायाशी काठी आपटली. तुळसाच्या लुगड्यावर ओल पसरत गेलेली भागीरथीला दिसली आणि पुढच्याच क्षणी तुळसा चिखलात खाली बसली. ती बसली तशा मागच्या सगळ्या बायका बसल्या. संध्याकाळपर्यंत कुणी हललं नाही, मोजणीवाले परत गेले. जमीन पुढे गेली ती गेलीच. पण गावात अजून बोलतात की तुळसा बसली म्हणून सगळ्या बसल्या. हळदी-लग्नात तिला हाताला धरून पुढे बसवतात. ओल लपवण्यासाठी ती बसली होती हे तिला आणि भागीरथीला, दोघींनाच ठाऊक होतं. त्या दिवशी घरी येऊन तुळसाने लुगडं स्वतः धुतलं, एकदा मुलीकडे बघितलं, आणि विषय संपला.

भागीरथीने डोळे उघडले तेव्हा शेजारी बसलेली कांता रडत होती. कांता डोंबिवलीहून यायची, बँकेत होती, दिसायला देखणी.  कर्णिक सर म्हणाले, "हे खरं. बघा, याला खरं म्हणतात." भागीरथीला त्या रविवारी घरी जाताना हलकं वाटलं होतं.

दिवाळीनंतर सरांनी स्पर्धेसाठी लिहिलेल्या एकांकिकेचं वाचन ठेवलं. खाडीकाठचं गाव, रस्ता, पोलीस. भागीरथी पान उलटत गेली आणि आठव्या पानावर थांबली. गावची पुढारीण पोलिसाला शिव्या देत पुढे येते, पोलीस काठी आपटतो, ती लुगड्यातच मुतते आणि खाली बसते. मागच्या बायका विचारतात, बसायचं का? ती म्हणते, "बसा बायांनो, मला तर बसल्याशिवाय इलाजच नाही." कंसात लिहिलं होतं: हशा. खाली आणखी एक ओळ: इथे उत्कर्षबिंदू.

वाचताना मुलं हसली. ज्यांनी तो रविवार ऐकला होता तीसुद्धा हसली.

पुढारणीचं काम कांताला दिलं होतं. भागीरथी प्रॉम्प्टर. विंगेत संहिता घेऊन बसायचं आणि कुणी अडलं की हळूच वाक्य पुरवायचं.

सगळे चहाला गेले तेव्हा ती सरांपुढे उभी राहिली. "सर, हे माझ्या आईचं आहे."

"नाव बदललंय की मी."

"गावात कोण खाली बसलेलं ते सगळ्यांना माहितीय. नावाचं काय घेऊन बसलात. तुम्ही बोललेलात की भिंतींच्या बाहेर जाणार नाही."

"भागीरथी, बस." सर शांत होते. त्यांचा तो शांतपणा तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिला. "कलावंताला खासगी असं काही नसतं. तू दिलंस, मी घेतलं, आता ते नाटकाचं झालं. आणि तो प्रसंग नुसता दुःखाचा ठेवला तर प्रेक्षकाला झेपत नाही. त्याला थोडा मोकळा श्वास द्यावा लागतो."

"माझ्या आईवर हसून?"

"माणसावर हसून."

"मग ते काम मला का नाही दिलंत?"

सरांनी चष्मा पुसला. "तू त्याच्या फार जवळ आहेस. तुला अंतर राखता येणार नाही. आणि तुझे उच्चार… पोलिसाबरोबरचे संवाद प्रमाण भाषेत आहेत."

भागीरथीने संहिता टेबलावर ठेवली.  सरांनी तिला आजवर शिकवलेले सगळे शब्द तिला त्या क्षणी आठवत होते आणि त्यातला एकही उपयोगाचा नव्हता. कुणी तुमच्या घरात शिरून, तुमचं लपवलेलं बाहेर काढून, त्याच्यासमोर "हशा" असं लिहितो, त्याला काय म्हणायचं हे कुणी शिकवलं नव्हतं.

"मी प्रॉम्प्ट करणार नाही," ती म्हणाली आणि निघाली.

कांता तिच्या मागे गेटपर्यंत आली. "मला वाटलेलं त्यांनी तुला विचारलंय."

"नाही विचारलं. तू करू नकोस ते काम."

 कांता म्हणाली, "मी सरांना सांगते की ते वाक्य काढा."

पुढच्या आठवड्यात ती वकिलाच्या ऑफिसखाली भेटायला आली. वाक्य काढायचं असेल तर भूमिका दुसऱ्या मुलीला देतो, असं सर म्हणाले होते. "चार वर्षं मी गर्दीत उभी राहिलेय गं," कांता म्हणाली. "पहिल्यांदा मोठं काम मिळालंय."

"म्हणजे करणारेस."

 भागीरथी जिना चढून वर गेली आणि दिवसभर टायपिंग मशीनवर एवढ्या जोरात अक्षरं आपटत राहिली की वकील आतून बघायला आले.

तिला वाटलं होतं, गावात कुणाला कळणार नाही. पण तिचा चुलतभाऊ सहदेव एका संध्याकाळी हसत हसत ओटीवर आला. ठाण्यात त्याला कर्णिक सर भेटले होते. बाळकुमच्या लोकांनी यायलाच हवं, हे तुमचंच नाटक आहे, म्हणून त्यांनी त्याला पास दिले होते. आपल्या भागीचं नाटक, म्हणून सहदेवने ते अर्ध्या गावात वाटून टाकले होते.

तो गेल्यावर भागीरथीने आईला सगळं सांगितलं. तुळसा तांदूळ निवडत होती. मुलीचं बोलणं संपेपर्यंत तिचा हात सुपात फिरत राहिला.

"मी तुला कवा सांगितलेला?" तिने विचारलं.

"नाय सांगितलंस. मी बघितलेलं."

"मंग मी नाय बोललू ती गोष्ट तू कशी बोललीस?"

 भागीरथीला सरांचा राग होता, कांताचा होता, हसणाऱ्या मुलांचा होता. पण आईने आवाज न चढवता विचारलं तेव्हा तो सगळा राग उलटा फिरून तिच्याच छातीवर येऊन बसला. तुळसाने सूप बाजूला सरकवलं, उठली आणि मागच्या दाराला गेली. दोन दिवस ती मुलीशी बोलली नाही. जेवण वाढायची, बोलायची नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नळावर बायका जमल्या होत्या. तुळसा हंडा घेऊन गेली, भागीरथी तिच्या मागे. मनुबाई, लक्ष्मी, त्या दिवशी शेतात असलेल्या सगळ्या तिथे होत्या. तुळसाने हंडा खाली ठेवला आणि बोलली, "रविवारी नाटक बगाला जाताव ना? त्यात एक बाय शेतात मुतते ती मी. मी भ्यालेलू. भ्यालेलू म्हनून खाली बसलू. तुमाला तिथं कलन्यापरास हितं सांगतंय."

नळ चालू होता. कुणी बंद केला नाही. एका पोरसवदा सुनेला हसू फुटलं आणि तिने पदर तोंडाला लावला. लक्ष्मीने तिच्याकडे असं बघितलं की तिने पदर काढलाच नाही. मनुबाई नुसती म्हणाली, "भर तुजा हंडा." तुळसाने हंडा भरला, डोक्यावर घेतला आणि निघाली. तिची मान ताठ होती. पण भागीरथीला मागून दिसत होतं, हंड्यातलं पाणी सारखं डुचमळून तिच्या पाठीवर सांडत होतं. एवढ्या वर्षांत आईच्या डोक्यावरून पाणी सांडलेलं तिने पाहिलं नव्हतं.

स्पर्धा ठाण्यात होती, प्रयोग सकाळचा. भागीरथी जाणार नव्हती. तुळसाच म्हणाली, "मना बगायचाय."

बाळकुमच्या बायका एका रांगेत बसल्या. कांता चांगली करत होती. भागीरथीला तेही सहन होत नव्हतं. काठी आपटली, कांता बसली, तिने ते वाक्य घेतलं आणि थिएटर हसलं. पुढून मागून हसलं, कुणी शिट्टी वाजवली. कांताने हशा ओसरेपर्यंत थांबायचं असतं तसा नेमका पॉज घेतला. बाळकुमची रांग हसली नाही. तुळसा खुर्चीच्या हातावर तळवे दाबून, पापणी न लवता बघत होती.

बाहेर आल्यावर कर्णिक सर लोकांच्या घोळक्यात होते. त्यांनी भागीरथीला पाहिलं आणि काहीच घडलं नसल्यासारखे हसत पुढे आले. तिच्या आईला त्यांनी हात जोडले. "मावशी, तुम्ही आलात. कसं वाटलं?"

"ती पोर कोन?" तुळसाने विचारलं.

"कांता. चांगली नटी होणार ती."

"माजी पोर तुज्याकरं शिकाला येत व्हती. माज्या घरचा इषय, तो माज्या पोरीला नाय दिलास. दुसरीला दिलास."

"अहो, तिला ते झेपलं नसतं. ती रडली असती."

"रडली असती," तुळसा म्हणाली. "मंग या लोकांना हसाला कसा जमला असता?"

सर काहीतरी बोलायला गेले, पण कुणीतरी अभिनंदनाला त्यांचा हात धरला आणि ते तिकडे वळले. त्या एकांकिकेला लेखनाचं पहिलं बक्षीस मिळालं. वर्गाच्या फळ्यावर त्याचं कात्रण लागलं, असं कांताने नंतर एकदा सांगितलं. भागीरथीने ऐकून घेतलं आणि कांताला चहा विचारला नाही.

तिने नाटक सोडलं नाही. दुसऱ्या वर्षी कल्याणच्या एका संस्थेत ती पहिल्यांदा उभी राहिली, पुढे बरीच वर्षं काम करत राहिली. कर्णिक सर गेले तेव्हा शोकसभेत दोन शब्द बोला म्हणून तिला निरोप आला. निरोप आणणाऱ्याला तिने विचारलं, "खरं बोलू का?" तो ओशाळून हसला आणि म्हणाला, नको, मग राहू दे. ती त्या दिवशी बाळकुमला आईकडे गेली आणि दोघींनी अंगणात बसून सुकट निवडली.