रोपं लावायला येईपर्यंत

"आगं, झाक की ते! गारठ्यानं बी आखडून बसंल."

आण्णा असं म्हणाले तशी चंदनाने ओट्यावरच्या दुधाच्या पिशव्यांवर घाईघाईने जुनं धडुतं पांघरलं. पिशव्यांत दूध नव्हतं, माती होती. माघातली थंडी, म्हणून राजारामपुरीतल्या या तिसऱ्या मजल्यावर वांग्याचं बी शेगडीच्या उबेला ठेवलेलं. तिचे सासरे बापूसो, म्हणजे घरादाराचे आण्णा, ते पुरचुंडीत बांधून गावाहून घेऊन आले होते.

"तुझ्या आत्तीनं राखंत घालून ठेवल्यालं," आण्णा म्हणाले. आत्ती म्हणजे सासूबाई. त्या दिवाळीनंतर गेल्या. "सगळंच पेरलंय, मागं काय ठेवलं न्हाय. रोपं लावाय आली की जातो गावाकडं."

सावकाश येऊ देत, चंदनाने मनातल्या मनात देवाला सांगितलं.

नवरा इचलकरंजीला, यंत्रमागाच्या कारखान्यात. घरी यायचा तो आठवड्याच्या सुट्टीला, आणि तोही झोपायला. बी.ए. झालेली चंदना दिवसभर तान्ह्या केतनच्या कपाळाला हात लावून ताप बघत बसे. शेजारच्या दारांना कुलपं. आण्णा आले आणि खोकण्याचा का होईना, घरात मोठ्या माणसाचा आवाज झाला.

बी फुटलं तसे आण्णाही बोलायला लागले. "केतनराव, पावणं आल्यात बघा! च्या टाकायला सांगा आईला!" पोर हसलं की त्यांचा आवाज आणखी चढे. उन्हाबरोबर पिशव्या खिडकीतून गॅलरीत नेत, पुन्हा आत आणत.

पाणी उकळून, गाळूनच प्यायचं, ही जैनाघरची शिस्त. केतनच्या पोटाच्या धास्तीने चंदनाची त्यावर कडी. रोपांनाही ती उकळून गार केलेलंच पाणी घाली.

"रोपास्नी जुलाब लागत्यात व्हय गं?"

"नळाच्या पाण्यात औषध असतं, आण्णा."

"मग घाल बाई. शिकलीयस तू!"

एका रात्री केतन तापला, तो पहाटे निवला. चंदनाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. ओट्यावर नेहमीसारखी दोन पातेली झाकलेली होती, एक रात्रीचं गार, एक नुकतंच उतरवलेलं. तिने प्लॅस्टिकच्या मगाने एकेका पिशवीत पाणी घातलं. शेवटच्या पिशवीपाशी तिला वाफ दिसली.

दुपारपर्यंत सगळ्या रोपांनी माना टाकल्या.

"आण्णा, माझ्या हातून... गरम पाणी..."

आण्णांनी एक रोप बोटाने उचलून धरलं. ते पुन्हा आडवं झालं.

"बी जुनं हुतं," ते म्हणाले. "जुन्या बियाचं आसंच आसतंय. तुजं काय न्हाय त्यात." मग बोटाची माती धोतराला पुसत, "आता हितं काय काम न्हाय माजं. उद्या निघतो."

थांबा, एवढंच चंदनाला म्हणायचं होतं. पण कशासाठी थांबा? मला एकटीला भीती वाटते म्हणून? त्यांच्या बायकोचं बी पोळून टाकल्यावर कुठल्या तोंडाने म्हणायचं?

सकाळी आण्णांनी धोतराची घडी घातली, मोडली, परत घातली. पिशवी उचलून दाराशी उभे राहिले.

"निघू मग?"

"डब्यात भाकरी देऊ?" चंदनाच्या तोंडून निघालं ते हेच.

आण्णांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं. "दे की."

गॅलरीतून समोरचा बसथांबा दिसे. स्टँडकडे जाणारी बस आली, निम्मी रिकामी. आण्णा बाकावरून उठले नाहीत. बस निघून गेली. तरी ते बसूनच.

चंदनाने केतनला कडेवर घेतलं, पायात चप्पल सरकवली, दाराची कडी काढली. सवयीने त्याच्या कपाळाला हात लावला. कोमट लागलं. ती मागे फिरली, थर्मामीटर झटकला, त्याच्या काखेत दाबून धरून पाऱ्याकडे बघत राहिली. ताप नव्हता.

ती गॅलरीत आली तेव्हा दुसरी बस कोपऱ्यावर वळत होती. बाकावर दोन शाळकरी मुली एकमेकींच्या वेण्या घट्ट करत बसल्या होत्या.