‘समजलं’ म्हणण्यापूर्वी

वर्गात “समजलं?” असं विचारलं की साठच्या साठ माना एकदम हलतात. शिकवणाऱ्या कुणालाच हे नवीन नाही, आणि आपण सगळेच कधी ना कधी त्या साठांतले एक होतो हेही खोटं नाही. विद्यापीठात प्रगत इंग्रजी शिकवणाऱ्या मॅडमना मात्र त्या हलणाऱ्या मानांचं समाधान वाटायचं. बावीस वर्षं त्या हाच विषय शिकवत होत्या. नर्सिंग, औषधनिर्माण, अभियांत्रिकी अशा सगळ्या शाखांची शेवटच्या वर्षाची मुलं त्यांच्याकडे यायची. येताना चार वाक्यांत गळपटणारी मुलं जाताना भर सभागृहात अर्धा अर्धा तास बोलून दाखवायची. “अडखळायचं नाही, थांबायचं नाही, वाक्य अर्धवट सोडायचं नाही,” हे मॅडम पहिल्याच तासाला फळ्यावर लिहायच्या आणि वर्षभर पुसू द्यायच्या नाहीत.

त्या वर्षीच्या वर्गात एक मुलगी होती, नर्सिंगची. तिसऱ्या रांगेत भिंतीकडेला बसायची. सगळ्यांच्या माना हलून झाल्या की हिचा हात वर. “मॅडम, परत एकदा सांगाल?” पोरांनी तिचं नावच ‘वन्समोअर’ ठेवलं होतं. तिने हात वर केला की मागून कुणीतरी हळूच टाळी वाजवायचं आणि वर्ग हसायचा. मॅडम हसायच्या नाहीत, पण घड्याळाकडे बघायच्या.

सत्राच्या शेवटी तोंडी परीक्षा झाली. दोघादोघांची जोडी. एकाने एखादं काम इंग्रजीत समजावून सांगायचं, दुसऱ्याने ऐकून संवाद पुढे न्यायचा. वन्समोअरच्या जोडीला वर्गात पहिला नंबर काढणारा मुलगा आला. तो अभियांत्रिकीचा, जिभेवर इंग्रजी नुसती घोळत असायची. आग विझवायचं यंत्र कसं वापरायचं हे त्याने एका दमात सांगितलं. वन्समोअरने त्याला तीनदा थांबवलं. “म्हणजे आधी कडी ओढायची, की आधी नळी धरायची?” असं विचारलं, आणि त्याचं उत्तर स्वतःच्या शब्दांत परत म्हणून दाखवलं. पहिल्या नंबराचा चेहरा वैतागला. मॅडमच्या हातातल्या गुणतक्त्यात ‘ओघ’ नावाचा रकाना होता. संवाद थांबला की त्यात गुण कापायचे. पहिल्या नंबराला दहापैकी नऊ पडले, वन्समोअरला तीन. तेवढ्यावरून ती नापास झाली.

निकाल लागल्यावर ती मॅडमच्या खोलीत आली.

“मॅडम, मला त्याचं कळलं नव्हतं, म्हणून विचारलं.”

“कळलं नाही तरी संवाद पुढे न्यायचा असतो. तेही एक कौशल्यच आहे.”

“पण कळलंच नाही तर पुढे काय न्यायचं?”

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “हे बघ, मुलाखतीत दर मिनिटाला असं विचारत बसलीस ना, तर समोरचा म्हणेल, हिला इंग्रजी येत नाही. मी तुझ्या भल्यासाठीच सांगतेय.”

 मुलगी “बरं मॅडम,” म्हणाली आणि निघून गेली.

मॅडमना त्यावर विचार करायला सवड नव्हती. परीक्षांची गर्दी होती आणि घरी अप्पांची तब्येत बरी नव्हती. अप्पा म्हणजे मॅडमचे वडील. एका कारखान्यात चौतीस वर्षं लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, काम केलेले. आता बोटांची पेरं सुजून यायची, सकाळी मूठ वळता वळायची नाही. एरवी मॅडम त्यांना विद्यापीठाच्या रुग्णालयात स्वतः घेऊन जात. या खेपेला परीक्षेमुळे जमलं नाही, म्हणून अप्पा एकटेच गेले आणि नवीन गोळ्या घेऊन आले.

“काय म्हणाले?” मॅडमनी पेपर तपासता तपासता विचारलं होतं.

“गोळ्या बदलल्यात. सगळं नीट समजावून सांगितलं,” अप्पा म्हणाले होते.

पाचव्या दिवशी अप्पांचं तोंड आलं. चहाचा घोटही घेववेना. उष्णतेने झालं असेल म्हणून मॅडमनी तेवढं मनावर घेतलं नाही. सहाव्या दिवशी सकाळी अप्पा न्हाणीघरात भिंतीला धरून खाली बसले, ते उठेचनात. मॅडमनी शेजाऱ्याला हाक मारली. त्याच्या गाडीतून अप्पांना रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी तोंड तपासलं, रक्त काढलं आणि गोळ्यांचं पाकीट मागितलं. पाकिटातल्या सहा गोळ्या संपल्या होत्या.

“ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही रोज घेतलीत?”

अप्पांनी मॅडमकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

रक्तातल्या पेशी निम्म्याहून कमी झाल्या होत्या. अप्पांना वेगळ्या खोलीत ठेवलं. “अजून दोन-तीन दिवस गेले असते तर अवघड होतं,” एवढंच डॉक्टर बोलले. 

मॅडम तडक औषधांच्या खिडकीशी गेल्या. काचेमागे त्यांचाच जुना विद्यार्थी उभा होता. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या विषयात विद्यापीठात पहिला आलेला. सगळं ऐकून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“मॅडम, मी अगदी स्पष्ट सांगितलं होतं. शब्द न् शब्द आठवतोय मला.” आणि त्याने ते वाक्य म्हणून दाखवलं, “धिस इज नॉट टू बी टेकन ऑन अ डेली बेसिस अंडर एनी सर्कमस्टन्सेस.”

वाक्य निर्दोष होतं. उच्चार, चढउतार, कशालाच नाव ठेवायला जागा नव्हती. असली वाक्यं कशी बांधायची, हे मॅडमनीच त्याला शिकवलं होतं. पण चौतीस वर्षं यंत्राच्या आवाजात काढलेल्या माणसाच्या कानाला त्यातला एकच ओळखीचा शब्द लागला होता. डेली, म्हणजे रोज.

“इंग्रजीत कशाला सांगितलंस?”

“इतरांना नाही सांगत, मॅडम. पण त्यांनी तुमचं नाव सांगितलं. म्हटलं, मॅडमचे वडील आहेत, त्यांच्याशी इंग्रजीतच बोलावं. त्यांनी मान हलवली, हसून थँक यू म्हणाले.”

“त्यांना परत म्हणून दाखवायला सांगायचंस की.”

 तो चाचरत म्हणाला, “तसं आपण कधी केलं नाही, मॅडम. थांबायचं नाही, असंच होतं ना आपल्याकडे.”

ते ‘आपण’ मॅडमच्या काळजात रुतलं. रागावायला म्हणून आल्या होत्या, त्या तशाच परत फिरल्या.

चार दिवसांनी अप्पांना जरा हुशारी वाटू लागली. दुपारची वेळ होती. मॅडम त्यांना चमच्याने थंड दूध भरवत होत्या.

“अप्पा, कळलं नव्हतं तर विचारलं का नाही?”

अप्पांनी ओठ पुसले. “तो पोरगा म्हणाला, मी मॅडमचा विद्यार्थी. इतक्या कौतुकाने बोलत होता तुझ्याबद्दल. रांगेतली माणसं ऐकत होती. म्हटलं, इंग्रजीच्या प्राध्यापिकेचा बाप आणि त्याला एवढंही कळत नाही, असं नको व्हायला. तुझी मान खाली गेली असती.”

“माझ्यासाठी?”

“आणि खरं सांगू का? गेल्या वर्षी तुझ्या विभागातली मंडळी जेवायला आली होती. मी ‘सर्टिफिकेट’ला ‘सर्टिफिटिक’ म्हणालो. तू लगेच दुरुस्त केलंस, ते हसले. तुझं चुकलं असं नाही म्हणत मी. पण तेव्हापासून चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की जीभ आखडते.”

 तो प्रसंग मॅडमच्या लक्षातही नव्हता.

“आमच्या कारखान्यात असं नव्हतं,” अप्पा पुढे म्हणाले. “फोरमन माप सांगायचा. आपण ते माप त्याला परत म्हणून दाखवायचं, मगच यंत्र सुरू. नवीन आलेलं कुणी नुसतंच ‘हो साहेब, हो साहेब’ करायला लागलं की तो म्हणायचा, तुझ्या होकाराचं मी काय करू, मला माप सांग. ज्याला ऐकू आलं नाही त्याने विचारलं तर कुणी हसत नसे. न विचारता लोखंड कापलं तर मात्र त्याची खैर नव्हती.”

“मग इतकी वर्षं तिथे विचारत होतात, आणि इथे...”

“तिथे लाज नव्हती गं,” अप्पा म्हणाले. “यंत्रापुढे सगळे सारखेच. तुमच्या इंग्रजीपुढे तसं नसतं. आणि एक विचारू? तुझ्या वर्गात एखाद्याला कळलं नाही तर तो काय करतो?”

 “बहुतेक जण मान हलवतात.”

“आणि जो हलवत नाही?”

“त्याला... तिला मी नापास केलं, अप्पा.”

 मॅडमनी त्यांना उरलेलं दूध भरवलं. मोठमोठ्या परिषदांमध्ये कुणी भरभर बोलून गेलं की आपणही न कळता मान हलवत आलो, हे त्या दुपारी त्यांनी स्वतःशी पहिल्यांदा कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी विभागप्रमुखांना लेखी कळवलं की तोंडी परीक्षेत परीक्षक म्हणून आपली चूक झाली आहे. विभागप्रमुखांनी कागद दोनदा वाचला. “तक्ता विद्यापीठाचा आहे. तुम्ही तो पाळलात. मग चूक कसली?”

“तो तक्ता मीच बनवला होता, सर. दहा वर्षांपूर्वी. ऐकणाऱ्याला कळलं की नाही, हे बघायला त्यात एक रकानासुद्धा नाही.”

बरीच चर्चा झाली. एकीचे गुण परस्पर बदलता येणार नाहीत असं समितीचं म्हणणं पडलं. शेवटी वर्गाची तोंडी परीक्षा दोन महिन्यांनी नव्याने घ्यायची, असं ठरलं. मुलांनी मॅडमच्या नावाने बोटं मोडली. पहिल्या नंबराने तर तक्रार अर्जही दिला.

मॅडमनी वर्गात जाऊन काही न लपवता सगळं सांगितलं. आधी वन्समोअरकडे वळून म्हणाल्या, “मी तुला तीन गुण दिले ते चूक होतं. तू विचारलंस तेच त्या परीक्षेतलं खरं इंग्रजी होतं.” मग सगळ्या वर्गाला विचारलं, “माझ्या तासाला न कळता मान किती जणांनी हलवली आहे? मी रागावणार नाही.” आधी एक हात वर झाला, मग पाच, मग मोजता येईनात. पहिल्या नंबराचाही हात वर होता, अर्धा का होईना.

पुढचे दोन महिने मॅडमनी नवीनच गोष्ट शिकवली. समोरच्याला न दुखवता पुन्हा कसं विचारायचं, ऐकलेलं आपल्या शब्दांत परत कसं सांगायचं, आणि लांबलचक वाक्याची दोन साधी वाक्यं कशी करायची. वाटलं होतं त्यापेक्षा हे जड गेलं. ज्यांची इंग्रजी सगळ्यात सफाईदार, त्यांनाच जास्त.

अप्पा घरी आले, त्यांची गोळी बदलून मिळाली. काठी टेकत चालता येऊ लागल्यावर ते एक दिवस वर्गात येऊन बसले. टेबलावर सात वारांच्या सात कप्प्यांची डबी आणि गोळ्यांऐवजी वाटाण्याचे दाणे ठेवले होते. एकेकाने येऊन साध्या इंग्रजीत औषध समजावून सांगायचं आणि अप्पांनी त्याप्रमाणे दाणे भरायचे. पहिल्या नंबराने तीन मिनिटं उत्तम भाषण केलं. अप्पा म्हणाले, “फार छान बोललात. आता मी काय करू ते सांगा.” वर्ग हसला, आणि तोही हसला. दुसऱ्या खेपेला त्याची चार वाक्यं झाली, तिसऱ्या खेपेला दोन. दाणा सोमवारच्या कप्प्यात पडला आणि बाकीचे कप्पे रिकामे राहिले, तेव्हा परीक्षेत नऊ गुण मिळाल्यावर दिसला नव्हता एवढा आनंद त्याच्या चेहऱ्यावर होता. तक्रार अर्ज त्याने त्याच आठवड्यात मागे घेतला.

नव्या परीक्षेत वन्समोअर चांगल्या गुणांनी पास झाली. आज ती एका रुग्णालयात काम करते. औषधांच्या खिडकीवरचा तो विद्यार्थी आता प्रत्येक माणसाला त्याची भाषा विचारतो, आणि “तुम्ही मला सांगा बघू, कशी घेणार?” असं म्हटल्याशिवाय पाकीट हातात देत नाही. रांग थोडी लांबते. लोक कुरकुरतातही.

मंडळी, परकी भाषा जरूर शिकावी, चांगली शिकावी, मुलांनाही शिकवावी. पण बोलणाऱ्याचं काम वाक्य संपल्यावर संपत नाही. ते ऐकणाऱ्यापर्यंत पोचलं का, हे बघितल्यावर संपतं. आणि ऐकणाऱ्याला “मला कळलं नाही” असं म्हणता यावं, एवढी जागा त्याला देणं हे आपल्या सगळ्यांचं काम आहे. घरात, कचेरीत, दवाखान्यात. कुणी चुकीचा शब्द उच्चारला तर हसण्याआधी क्षणभर थांबा. तुमच्या त्या हसण्याने एखाद्या घरातलं वडीलधारं माणूस कायमचं गप्प बसू शकतं.